पॉलिश पेपर मारू नये

"गुडघ्यातलं वंगण संपलंय," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघून इतके हसले की डॉक्टरांना वाटलं, ह्यांना नीट ऐकू आलं नसावं. "ही माझी लेक वंगणाच्याच कंपनीत हाय," बाबा म्हणाले. "डबाभर आणती का बघा." मला काही हसू आलं नाही. भोसरीतल्या आमच्या कंपनीत पिंपंच्या पिंपं भरलेली आणि बापाच्या गुडघ्याला थेंब नाही, हा विनोद त्यांनी पुढे देहूरोडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना ऐकवला. चाळीसएक वर्षं इकडे काढूनही त्यांची मराठवाड्याची बोली गेली नाही, त्यामुळे तो जास्तच रंगायचा.

माझं काम म्हणजे लोखंडाला लोखंडावर घासू न देणं. तेलात किंवा लेपात डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण घालायचे. ते दोन भागांच्या मधे जाऊन बसतात आणि झीज स्वतःच्या अंगावर घेतात. याला नॅनो कोटिंग म्हणतात. चाकणच्या एका प्रेस शॉपमधले ऑपरेटर त्याला 'नानांचं कोटिंग' म्हणायचे, आणि हे नाना कोण, असं त्यातल्या एकानं मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मी वैतागून म्हटलं, "माझे सासरे." तेव्हापासून तिथं माझा मान वाढला.

त्याच शॉपमध्ये आमची ट्रायल चालू होती. पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या डायला, म्हणजे साच्याला, चार खांब असतात आणि डायचा वरचा भाग त्यांच्यावरून दिवसभर वरखाली होतो. घासून घासून खांबांवर ओरखडे पडायचे, मग डाय जाम, मग आरडाओरडा. आम्ही त्या खांबांना आमचा काळपट लेप दिला होता. दसरा झाला की गाड्यांच्या कंपनीचे क्वालिटीवाले साहेब येऊन बघणार होते. त्यांनी पास केलं तर आमचा कोटिंग विभाग राहणार, नाहीतर विभाग बंद आणि मी ग्रीसचे डबे घेऊन दुकानं फिरणार. हे आमच्या मालकांनी मला चहा पाजून, गोड बोलून सांगितलं होतं. असं गोड बोलून सांगितलं की मला दुप्पट चीड येते.

बाबा याच प्रेस शॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साफसफाईला तिथले मालक त्यांना दरवर्षी आवर्जून बोलावतात. आम्ही बौद्ध. बाबा मशीनची पूजा करत नाहीत, हळदकुंकू सुरू झालं की मागे जाऊन उभे राहतात. पण मशीन पुसायला त्यांच्याइतका भाविक माणूस सगळ्या चाकणात सापडायचा नाही. "देव मानत न्हाई, तशी घाण बी मानत न्हाई," हे त्यांचं धोरण. पॉलिश पेपर घरून, स्वतःच्या खिशात घालून नेतात. वर्षातून तेवढा एक दिवस ते गुडघ्याचं नाव काढत नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी मी पूजेसाठी पोचले. झेंडूचे हार, उदबत्त्या, स्पीकरवर गाणी, सगळं जोरात. डायपाशी गेले आणि बघते तर काय, चारही खांब चकचकीत! आमचा काळा लेप गायब!

"बघ माय," माझ्याआधीच येऊन थांबलेले बाबा म्हणाले, "कसलं काळं चढलं व्हतं. दुपारपून लागलो तवा दिवेलागणीला निघालं. हात मोडून आले. तुझ्या ट्रायलची डाय, म्हणून सोडलीच न्हाई."

नॅनो म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की जे दिसतंय तो डाग, असा त्यांनी सरळ अर्थ काढला होता. आता काय बोलणार, कपाळ! ओरडावंसं वाटलं. पण त्यांच्या बोटांची टोकं अजून काळी होती, माझ्याच कोटिंगनं. मी म्हटलं, "मस्त झालंय, बाबा." मनात म्हटलं, चला, आता ग्रीसचे डबे.

आणि तेवढ्यात क्वालिटीवाले साहेब हजर. त्यांना पूजेचं आमंत्रण होतं, म्हणाले, आलोच आहे तर ट्रायलही उरकून टाकू. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी खांब बघितले. "वा मॅडम, काय फिनिश आहे! कोटिंग दिसतसुद्धा नाही!" शॉपचे मालक खूश, सगळे खूश. मी नुसतं 'थँक्यू सर' म्हटलं असतं तरी भागलं असतं. "सर, दिसत नाही कारण ते आता नाहीच," असं सांगायला मी तोंड उघडलं, पण बाबांनी मला बोलूच दिलं नाही.

"दिसंल कसं? काळं समदं मी काढलंय की!"

साहेबांनी विचारलं, कशानं काढलं? बाबांनी खिशातून वापरलेले पेपर काढून दाखवले, पार गुळगुळीत झालेले. "एवढे पेपर गेले, तरी बुडाशी वेढा राहिलाच बघा. तेवढा काय निघंना. आज काढतो."

साहेब खाली बसले, त्या वेढ्यावर नख घासून बघितलं, मग हसायलाच लागले. "पेपरच्या बारीक रेघा सोडल्या तर खांबावर एक ओरखडा नाही. म्हणजे इतके महिने लेपानं काम केलंय. आणि काढायला जुन्या फिटरला अख्खी दुपार लागली, तरी राहिलाच! मॅडम, याहून कडक टेस्ट मी तरी कुठली लावणार?"

ट्रायल पास! पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे आला. मला इतका आनंद झाला होता, पण बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

परत येताना गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा ते बोलले. "म्हंजे ते काळं, ते तुझं काम व्हतं."

"बाबा, तुमच्यामुळेच तर पास झालं."

"ते ऱ्हाऊ दे. तुझं काम व्हतं का न्हाई?"

"होतं."

त्यांनी बोटं पँटला पुसली. थोड्या वेळानं पुन्हा पुसली. मला फार वाईट वाटलं, आणि विभाग वाचला याचा आनंदही जाईना.

ऑर्डर आली. वर्षभरात त्या शॉपमधल्या सगळ्या डायचे खांब काळे झाले. मालासोबत सूचनेची पाटी द्यायची ठरली, आणि मजकूर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मीच बाबांना सोडायला गेले. ते डायपाशी गेले, खिशात हात घातला, पेपर बाहेर काढला आणि पाटीसमोर थांबले. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, "कोटिंग केलेल्या भागावर पॉलिश पेपर मारू नये."

"तू लिवलंस?"

"हो."

"शुद्ध लिवलंय."

पेपराची घडी करून त्यांनी तो परत खिशात ठेवला. एक ऑपरेटर कौतुकानं म्हणाला, "काका, आता घासायची भानगडच राहिली नाही. तुम्ही आरामात बसा." आणि त्यानं धावत जाऊन खुर्ची आणली. बाबा बसले. बाकीचे मशीन पुसत होते, ते बघत राहिले. चहा आला, तो त्यांनी अर्धाच घेतला.

मग मला म्हणाले, "गुडघा लई दुखायलाय, माय. घरी सोड."