मुरमाची वाट

साताऱ्याकडच्या आमच्या घरी आता फाटकापासून दारापर्यंत सिमेंट आहे. माणूस कडी वाजवेपर्यंत आलेला कळत नाही. अशा वेळी मला तो मेढ्याकडचा गडी आठवतो.

तेव्हा थोरला भाऊ लढाईवर होता. वडिलांनी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात शहाबादी फरशी पाहिली होती, आपल्याही वाटेला तीच हवी म्हणून ते हटून बसले होते. वाट करायला बोलावलेल्या त्या गड्याचं नाव आम्ही कुणी विचारलं नाही. वहाणा काढून तो त्या वाटेवर दोनदा अनवाणी चालला, टाचेनं जमीन दाबून पाहिली आणि म्हणाला, "फरशी लय देखणी, पर मुकी. आवं, मुरूम घाला. घरात बसून कळतं, कोन आलं ते."

वडील हसले. आईचे भाकरी थापणारे हात मात्र थांबले. "मुरूमच घाला," ती आतून म्हणाली.

चार दिवस त्यानं मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मसानं चोपला. वरचा बारीक थर तेवढा मोकळा ठेवला. शेवटी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि आम्हाला एकेकाला चालायला लावलं. नुसत्या पावलांवरून त्यानं सगळ्यांना ओळखलं. मग वहाणा घालून गेला, तो पुन्हा दिसला नाही.

पुढं एका दुपारी मुरूम वाजला. आई चुलीपुढनं उठली नाही. मला म्हणाली, "आला गं. पर डावा पाय वढतोय."

भाऊ दारात पोचेपर्यंत तिनं डोळे पुसून घेतले होते.