वहिनीचे दगडी गोळे आणि दादाचं ॲसिड

माझी वहिनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. रस्त्यात कोणी समोरून हसत आलं की वहिनी आधी दात ओळखायची, मग माणूस. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नळदुरुस्तीची कामं करायचा. त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: पांढरं दिसलं की ॲसिड. आमच्याकडचं पाणी जड. नळ, किटली, बॉयलर, सगळ्यांवर पांढरा थर चढतो, आणि त्या थराशी दादाचं जन्माचं वैर. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहतो आणि बस चालवतो. त्या दोघांची बोलाचाली झाली की मधे पडू नये एवढं शहाणपण मला आहे. ते नेहमी वापरतोच असं नाही.

या दोन सरळमार्गी माणसांच्या घरात दगड शिरले ते वहिनीच्या चपलेतून. लॅबच्या मागच्या अंगणात नवी खडी टाकली होती. तिच्यातला एक गोल खडा चपलेत अडकून घरी आला. फेकायला म्हणून उचलला, तर त्याच्या डोक्यावर पाच पाकळ्या. कोणीतरी सुईने टोचून टोचून काढाव्यात तशा, बारीक ठिपक्यांच्या.

वहिनीने तो खडा आधी मला दाखवला. मी म्हणालो, जुन्या कोटाचं बटण असेल. दादाने चष्मा न लावताच निकाल दिला, "दगड आहे."

"दगड आहे हे मलाही दिसतंय," वहिनी म्हणाली. "पण त्याच्या आधी काय होता?"

असला प्रश्न आमच्या घरात तोवर कोणी विचारला नव्हता. उत्तर मिळालं वाचनालयातल्या बाईंकडून. तो सी-अर्चिन होता. समुद्राच्या तळाशी राहणारा, अंगभर काटे असलेला गोल प्राणी. मेला, चिखलात रुतला आणि चिखलासकट दगड झाला.

"समुद्र? इथे?" मी म्हणालो. आमच्याकडून समुद्र गाठायचा तर आख्खा दिवस गाडीत बसावं लागतं.

"होता की. आपणच उशिरा आलो, भाऊजी."

तेव्हापासून माझे रविवार गेले. गावाबाहेर चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. मी वहिनीला तिथे घेऊन जायचो आणि सावलीत पेपर वाचत बसायचो. पुढे पुढे पेपर गाडीतच राहायला लागला. माणूस खाली मान घालून दगडांत काहीतरी शोधायला लागला की त्याचं वय कमी होतं, हे मी अनुभवाने सांगतो. सापडलेला प्रत्येक गोळा मी तिच्याकडे नेऊन विचारायचो, "हा आहे का?" आणि दहापैकी नऊ वेळा ती म्हणायची, "हा नुसताच दगड आहे. पण छान आहे." बाई मनाने मोठी.

खरी गंमत घरी आल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर भिंग, दात घासायचे जुने ब्रश, आणि लॅबमधून आणलेल्या वाकड्या टोकांच्या सुया. गोळ्यावर घट्ट झालेला चिखल ती कणाकणाने काढायची. मी एकदा विचारलं, चिखलही पांढरा, प्राणीही पांढरा, मग कुठे थांबायचं ते कसं कळतं?

"डोळ्यांना नाही कळत. सुईला कळतं. चिखल मऊ लागतो, सुई जराशी आत जाते. प्राणी कडक लागतो. कडक लागलं की थांबायचं."

तिनेच मला सांगितलं की या प्राण्याचं तोंड खाली असतं आणि मागचं दार थेट डोक्यावर. हे ऐकून जेवता जेवता दादाला ठसका लागला. "मग याच्यासमोर वाकून नमस्कार करायची सोय नाही," तो म्हणाला. दगडांबद्दल दादाने दाखवलेली तेवढीच काय ती उत्सुकता. एरवी तो फळ्या ठोकून द्यायचा, दिवा लावून द्यायचा, भिंगाचा दांडा तुटला तर नळाच्या पाइपचा बसवून द्यायचा. पण फळीवर काय ठेवलंय ते वळून बघायचा नाही.

मग गेल्या थंडीच्या सुरुवातीला तो गोळा सापडला.

सी-अर्चिन मेला की त्याचे काटे गळून जातात. वहिनीच्या फळीवरचे सगळे बोडके. हा मात्र जिवंतपणीच एकदम गाडला गेला असावा. दगडातून त्याचं जेमतेम नखाएवढं अंग बाहेर आलं होतं, आणि त्यावर काटे जागच्या जागी आडवे निजलेले. काड्यापेटीतल्या काडीपेक्षाही बारीक. वहिनीने तो रुमालात गुंडाळला आणि परतीच्या वाटेवर मला एकही खड्डा चुकवायला विसरू दिलं नाही.

थंडीभर ती त्याच एका गोळ्याशी बसली. वरची बाजू मोकळी झाली, काट्यांच्या रांगा दिसायला लागल्या. खालची अजून चिखलात होती. पण काम रेंगाळत होतं. ती मधेच सुई खाली ठेवायची आणि हात काखेत धरून बसायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही, गारठा आहे." मला तेवढं पुरलं. बरण्यांची झाकणं हल्ली दादा उघडून ठेवतो, हेही मी बघत होतो आणि म्हातारपणी प्रेम वाढलं म्हणून मनातल्या मनात हसत होतो.

थंडी सरता सरता वहिनी दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने मला हाक मारली. मोरीत बादली, बादलीत काहीतरी फसफसत होतं, आणि दादा लहान मुलासारखा खुशीत होता.

"बघ कसं सुटतंय! ती महिनोन् महिने सुईने टोचत बसते. पांढरा थर म्हणजे आपलं खातं. आल्यावर तोंडात बोट घालेल."

मी बादलीत वाकून बघितलं. काय चुकतंय ते मला नीट सांगता येत नव्हतं, पण चिखल पांढरा आणि प्राणीही पांढरा, हे मीच तर विचारलं होतं. "दादा," मी म्हणालो, "ॲसिडला कसं कळणार कुठे थांबायचं?"

दादाचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने गोळा बाहेर काढून नळाखाली धरला. वरची बाजू साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. एक काटा उरला नव्हता.

दुसऱ्या गोळ्याशी अदलाबदल करावी, पडला म्हणावं, चोरीला गेला म्हणावं, असे सगळे मूर्ख सल्ले मी दिले. दादाने एकही ऐकला नाही. वहिनी आली तेव्हा तो दारातच गोळा हातात घेऊन उभा होता. तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"मी ॲसिडमध्ये घातला," तो म्हणाला.

वहिनी ओरडली नाही, ते फार वाईट होतं. मग ओरडली, ते बरं झालं. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? इतकी वर्षं कधी वळून बघितलंत का? एकदा विचारलंत का, अगं हे काय आहे म्हणून?"

"नाही विचारलं."

"मग आताच कशाला सुचलं?"

"तुझे अंगठे," दादा म्हणाला. "झोपेत कण्हतेस तू. मला वाटलं, हा एवढा साफ करून दिला की तुला ते दुखणं नको."

वहिनी खाली बसली. तिने हात पदराखाली घेतले, जसं काही अजून लपवता येणार होतं. माझीही मान वर होईना.

"हा शेवटचाच होता," ती म्हणाली. "एवढा पुरा करायचा आणि मग सुया बांधून ठेवायच्या, असं ठरवलं होतं मी. सुई नीट धरताच येत नाही आता." आणि ती रडली. दादा बाजूला नुसता उभा होता. नळ गळत असता तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

रात्री कोणी धड जेवलं नाही. सकाळी मी खाली आलो, तर वहिनी खिडकीशी गोळा उलटा धरून भिंगातून बघत होती. राग होताच. पण तिच्यात रागापेक्षा मोठं काहीतरी आहे, ते तिला स्वस्थ बसू देत नाही.

"भाऊजी, खालची बाजू मी साफ केलीच नव्हती," ती म्हणाली. "चिखलाचा थर जाड होता तिथे. ॲसिडने आधी चिखल खाल्ला असेल. आत पोचलं की नाही, कोण जाणे."

तिने सुई घेतली. दोनदा ती हातातून सुटली. तिसऱ्यांदा वहिनीने ती उचलली नाही. तिने दादाला हाक मारली, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि सुई त्याच्यापुढे सरकवली.

"मी?" दादा म्हणाला. नळाचे पाने फिरवून फिरवून त्याची बोटं केळ्यांएवढी झालेली. "आणि पुन्हा बिघडलं तर?"

"तर बिघडलं. बसा. जोर लावायचा नाही. आणि काय लागतंय ते मला सांगत राहायचं."

दादाने श्वास रोखून सुई टेकवली. वहिनी त्याच्या शेजारी स्टुलावर बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"मऊ," दादा म्हणाला.

"पुढे."

"मऊ. मऊच आहे. थोडं भुसभुशीत."

"चालू द्या."

बराच वेळ तसाच गेला. माझी बस सुटायची वेळ झाली होती, पण पाय निघेना. दादाच्या कपाळावर घाम आला होता. वहिनीच्या मांडीवर तिचे सुजलेले अंगठे त्याच्या सुईबरोबर हलत होते.

सुई अडली. दादाने तीच जागा पुन्हा हळूच चाचपली.

"कडक," तो म्हणाला. "अगं, हे काय आहे?"

"थांबा," वहिनी म्हणाली. डोळे तिने अजून उघडले नव्हते. "सांगते."