सर्वेक्षणात आमचा मुलगा कामाला लागला

मंडळी, आज माझा चहा बिनसाखरेचा निघाला. या घोर अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी. उरलीसुरली साखर बेरोजगारी मोजायला आलेल्या बाईंच्या कपात गेली.

"मुलगा काय करतो?" बाईंनी विचारलं.

त्याच्या सोयरिकीचं बोलणं चालू आहे आणि शेजारीण समोरच बसलेली. बायको म्हणाली, "शेती बघतो की!"

"या आठवड्यात तासभर तरी काम केलं?"

"केलं ना. लायटीची वाट बघत विहिरीवरच्या मोटारीपाशी बसलता."

झालं! तासभर काम म्हणजे रोजगार, अशी बाईंनी नोंद केली. एम.एस्सी. होऊन घरी बसलेले चिरंजीव क्षणात कर्मयोगी ठरले. मी हसलो.

आतून त्याचा आवाज आला, "पप्पा, म्या आता बेकार बी न्हाई का?"

तेव्हापासून त्यानं दार लावून घेतलंय. जेवलाही नाही. आम्ही दोघं दाराशी बसून हाका मारतोय.

तुमच्या घरीही मुलाची बेकारी अशी लपवता का हो? खरं सांगतो, मला भीती वाटतेय.