तेराव्या महिन्याची जागा

दादा आज सकाळी गेला. रडू येतंय, पण त्याहून जास्त त्याचा राग येतोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घर काशीत, दुर्गाघाटावर. बाबा श्राद्धं चालवायचे. महाराष्ट्रातल्या यजमानांना पितृपक्षातली ज्याची त्याची तारीख पोस्टकार्डाने कळवायचे.

त्या तारखा काढायला दादाने प्रोग्राम लिहिला.

लिंकर हा शब्द सारखा त्याच्या तोंडी. मी विचारलं, "हे लिंकर म्हणजे काय रे?"

"प्रोग्रामच्या प्रत्येक सेगमेंटला, म्हणजे तुकड्याला, वाटतं, आपण शून्यापासून सुरू. लिंकर सगळ्यांना मेमरीत खरी जगह देतो. कोण कुठून सुरू, कोण कुठे खतम."

मेमरी तुटपुंजी होती. म्हणून दादा त्या जागा स्वतःच ठरवून लिंकरला सांगायचा, अगदी खेटून. बारा महिन्यांचे आकडे, आणि त्यांना लागून लगेच सूर्योदयाचे, ज्यांवरून तिथीचा दिवस ठरतो.

त्या वर्षी अधिक भाद्रपद आला.

पंचांगाच्या घरातला मुलगा, आणि तेराव्या महिन्याला जागा ठेवायला विसरला!

तो महिना सरळ सूर्योदयाच्या आकड्यांवर जाऊन बसला. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. काही तारखा एका दिवसाने पुढे छापल्या गेल्या. बाबांनी पडताळल्या नाहीत. पोरावर भारी भरवसा.

सांगलीकडचं एक म्हातारं जोडपं एकुलत्या मुलाच्या श्राद्धाला आलं. तिथी आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

दार दादाने उघडलं. सांगावंही त्यालाच लागलं.

काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काल तो वाट बघून गेला असेल हो."

बाबांनी सर्वपित्री अमावस्येला श्राद्ध केलं. शास्त्राला चालतं.

"छोड दे आता, बेटा. चुकलेल्यांसाठीच असते ती अमावस्या," ते दादाला म्हणाले.

दादाने सोडलं नाही.

बाबा होते तोवर दर सर्वपित्रीला त्यांच्याकडून त्या मुलाच्या नावाने तिलांजली देववली. बाबांनंतर स्वतः दिली. दिल्लीची चांगली नोकरी आली, गेला नाही. पितृपक्षात सुट्टी नाही मिळाली तर?

मी भांडायचो. "एका दिवसाच्या चुकीपायी जन्मभर?"

"तू त्या काकूंचं तोंड बघितलं नाहीस."



दादाला मूलबाळ नाही. यंदापासून सर्वपित्रीला तुझं नाव मी घेईन, दादा. पण आधी त्या मुलाचं. नाहीतर तुला चैन पडायचं नाही.

जा आता. कोणी तुझ्यावर रागावलेलं नव्हतं रे.