प्रॉम्प्टर सिनेमाला गेला

वडशाच्या नाटक कंपनीत सोमाजी मेश्राम कित्येक हंगाम प्रॉम्प्टर होता. विंगेत बसायचं आणि अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं, हेच त्याचं काम. कुणी गप्प झालं की सोमाजीचे ओठ आपसूक हलत.

२००४ साली चंद्रपुरात स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या छोट्या सिनेमांचा महोत्सव भरला. कंपनीचा लाइटवाला नदीम म्हणाला, "त्यातल्या एका सिनेमात कोणी बोलतच नाई म्हणते."

"मग गोष्ट समजते कशी गा?"

"चाल, पाहू. पण तिथी तोंड उघडू नको."

पडद्यावर पोरगा गाव सोडून निघाला होता. आई दारात उभी होती आणि काही केल्या बोलत नव्हती. सोमाजीनं बराच वेळ धीर धरला. मग विंगेतून द्यावं तसं, हलक्या पण दूर पोचणाऱ्या आवाजात म्हणाला, "बाळा, जेवून जा."

हशा पिकला. नदीमनं त्याचा गुडघा दाबला. "अबे, थे विसरली नाई!"

सोमाजी ओशाळला, पण त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. आईनं पोराची पिशवी उघडून सदरा काढला. ओट्यावर बसून त्याचं बटण शिवलं आणि दातांनी दोरा तोडला. तोवर पोरगा थांबला.

दिवे लागले.

"चाल बावा, लोक आपल्याकडंच पाहून राह्यले."

"पाहू दे. माझं वाक्य तिनं घेतलं असतं, त पोरगा 'नाई' म्हणून निघून गेला असता. दुसरा सिनेमा बी मुकाच आहे काय, विचारून ये."