साडू, सायकल आणि दौंडचं चर्च

वाऱ्याशी वैयक्तिक भांडण असलेला आमच्या थोरल्या साडूंसारखा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. वारा समोरून आला की तो मुद्दाम आपल्यासाठीच सुटलाय अशी त्यांची खात्री असते, आणि मागून आला तर त्याचं सगळं श्रेय ते स्वतःच्या पायांना देतात. न्हावऱ्याच्या अलीकडं त्यांची बागायत आहे. ऊस, कांदा आणि बांधालगत चार ओळी शेवंती. पन्नाशीत शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. "चालत निघालं की समोरचा इचारतो, गाडी बंद पडली का?" असं म्हणून त्यांनी पुण्याहून बारीक टायरची, वाकड्या हँडलची रेसिंग सायकल आणली, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते दौंडच्या रस्त्याला लागतात. मी शिरूरच्या शाळेत मास्तर आहे, रविवार मोकळा असतो आणि माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण आहे. या तीन अपराधांसाठी मला शनिवारी त्यांच्याकडे मुक्कामाला जाऊन रविवारी त्यांच्या मागे पायडल मारावं लागतं.

सायकलवाल्यांची ती गादी शिवलेली तंग काळी चड्डी ते घालतात, पण गावाच्या हद्दीत तिच्यावर पांढरा पायजमा असतो. वेस ओलांडली की चिंचेखाली थांबायचं, पायजमा काढून घडी करायची, दगडाखाली ठेवायची आणि परत येताना पुन्हा चढवायचा. एका रविवारी मी गेलो नव्हतो, तर दुपारी त्यांचा फोन आला. "मास्तर, एक पायजमा घेऊन या. का ते इचारू नका." मी मोटरसायकल काढून गेलो तेव्हा साडू चिंचेजवळच्या मक्यात दडून बसले होते आणि त्यांची सायकल तेवढी ऐटीत झाडाला टेकून उभी होती. आधीचा पायजमा तिसऱ्या दिवशी शेजारच्या रानात बुजगावण्याच्या अंगात सापडला. तो त्यांनी परत मागितला नाही. "त्याला बरा बसतोय," एवढंच म्हणाले.

हा मुलूख गाडीतून सपाट दिसतो. सायकलवर बसलं की कळतं, प्रत्येक ओढा म्हणजे एक उतार आणि एक चढ आहे. चढावर साडू उतरत नाहीत, फक्त बोलायचे थांबतात; त्यामुळे मला चढ आवडतात. पारगावचा पूल ओलांडला की पुढे गावोगाव कोणीतरी मोटरसायकल शेजारी घेऊन विचारतोच, "दादा, ॲव्हरेज किती देती?" साडू मान न वळवता सांगतात, "दोन भाकरीत दौंड." गाळपाच्या दिवसांत पाटसच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या लागल्या की ते ट्रॉलीच्या मागे चिकटतात, कारण वारा ट्रॅक्टर कापतो. एकदा असे चिकटले असताना ट्रॅक्टर कारखान्याच्या गेटात वळला आणि त्याच्यामागे साडूही वळले. वॉचमनने त्यांना वजनकाट्याच्या रांगेत उभं केलं होतं.

आता चर्चचं. शिरूरला छावणीच्या काळातलं एक जुनं चर्च आहे, आणि दौंडला रेल्वेतल्या इंग्रज साहेबांसाठी बांधलेलं एक. साडूंना दोन्ही आवडतात, पण जीव दौंडच्यावर. जाड दगडी भिंती, उंच लाकडी छप्पर, आत उन्हाळ्यातही गारवा. प्रार्थना संपून लोक पांगले की साडू बूट काढून आत जातात, शेवटच्या बाकावर बसतात आणि अर्धा तास काहीही करत नाहीत. देखरेखीला एक मावशी आहेत, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पहिल्या दिवशी सायकल भिंतीला टेकवली म्हणून त्यांनी साडूंना झापलं होतं. दुसऱ्या रविवारी चहा दिला. साडूंचं नाव, गाव, जमीन यांतलं त्यांनी आजवर काहीही विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी गावच्या, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची निवडणूक लागली आणि साडू उभे राहिले. नेमका त्याच सुमाराला गावातला एक जण गाडी पकडायला दौंडला गेला होता. त्याला चर्चच्या पायरीवर तंग चड्डीत बसलेले साडू दिसले. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की साडू बाटले. पॅनेलचे प्रमुख आप्पा, ज्यांच्या शब्दावर साडू उभे होते, ते घरी आले.

"मतदान होईस्तवर तिकडं जाऊ नगा," आप्पा म्हणाले.

"मग बसू कुठं?"

"आवं, गावात मारुतीचं देऊळ हाय, भैरोबाचं हाय. तिथं बसा की."

"तिथं बसलो की पाच मिंटात कुणाचा तरी बांध निघतो, न्हाईतर लाइटीचा डीपी जळालेला आसतो. आप्पा, दौंडात मला कोण वळखत न्हाई. म्हणून जातो. दुसरं काय न्हाई."

आप्पांना हे पटलं नाही. मतदानाच्या आधीचा रविवार आला. मेव्हणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, आज त्यांना अडवा." मी चिंचेपर्यंत अडवलं, त्यानंतर वारा मागून होता. आम्ही दौंडला पोचून बाकावर बसतो न बसतो तोच आप्पा जीप घेऊन हजर. ते साडूंना ओढून न्यायलाच आले होते. पण दारातच मावशींनी त्यांना बूट काढायला आणि मोबाईल बंद करायला लावला. आप्पांचा मोबाईल महिनाभरात पहिल्यांदाच बंद झाला असावा. "चला उठा" म्हणण्यापूर्वी दम खावा म्हणून ते साडूंच्या शेजारी टेकले, छपराकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांची मान साडूंच्या खांद्यावर आली. पाऊण तास ते घोरत होते. साडूंनी खांदा हलवला नाही.

जीपच्या ड्रायव्हरने कौतुकाने फोटो काढला आणि तो रात्रीच्या आत गावच्या ग्रुपवर पोचला.

निकाल लागला. आप्पांसकट पॅनेल निवडून आलं. एकटे साडू पडले. आप्पांच्या मते त्याला चर्च कारणच नव्हतं. सायकलवर दोन्ही हात हँडलला असल्यामुळे साडूंनी महिनाभर समोरून येणाऱ्या कुणालाही नमस्कार केला नव्हता आणि लोकांना ते लागलं होतं. हे खरंही असेल. पण दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा साडू गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. वाऱ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "मास्तर, परक्यांचं सोडा. माझा धाकटा भाऊ पारावर म्हणला म्हणं, दादाचा काय भरवसा न्हाई. एका ताटात जेवलोय आमी."

दोन रविवार सायकल पडवीतच राहिली. तिसऱ्या रविवारी ते आपणहून निघाले. पाटसजवळ एकाने ॲव्हरेज विचारलं तर नुसते हसले. आम्ही पोचलो तेव्हा लोक पांगले होते आणि मावशी बाकं पुसत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "दोन रविवार कुठं होता?"

"पडलो, मावशी," साडू म्हणाले.

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. न्हावऱ्याकडच्या कुठल्याशा गावातली सोसायटी, तिची निवडणूक, पॅनेल यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. लगबगीने जवळ येऊन त्यांनी साडूंचं कोपर धरलं, उजेडाकडे वळवलं, मग दुसरं वळवलं, गुडघ्यांकडे वाकून पाहिलं.

"अगं बाई! लागलं का फार? कुठं, दाखवा बघू."

मला वाटलं, आता साडू खुलासा करतील. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तसेच उभे राहिले, मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखे.

"लागलं थोडं," ते म्हणाले.

"बसा इथं," मावशी म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.