हक्कसोडपत्रावरची सही

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. अबोध मनाचा धडा आला की फळ्यावर हिमनग काढायचा, पाण्याखालचा भाग आडव्या रेघांनी भरायचा आणि सांगायचं, माणूस जे दडपतो ते नाहीसं होत नाही. बोलण्यालिहिण्यातल्या चुकांतून वर येतं. मुलं विचारायची, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?" खरं सांगायचं तर मलाही ते कधी पटलं नव्हतं. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला, आपल्याच डोक्यात आपल्याला न विचारता काही चालतं, हे पटणार तरी कसं?

वाघोलीला वडिलांची थोडी जमीन होती. आमच्या लहानपणी तिला कुत्रंही विचारत नव्हतं. मग नगर रस्त्याच्या बाजूला आयटीवाले आले, त्यांना राहायला घरं हवी झाली आणि त्या खडकाळ तुकड्याला सोन्याचा भाव आला. तोवर आईवडील दोघंही गेले होते. बिल्डरशी बोलणी धाकट्या भावानं केली. कायद्यानं माझाही निम्मा वाटा होता, पण बहिणीनं हक्क सोडल्याचा कागद भावाला करून द्यायचा ही आमच्याकडची रीतच. भाऊबीजेला साडी आणि त्याच्या घरी मायेचं ताट, एवढं टिकलं म्हणजे पावलं. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "नीट विचार केलायस ना?" मी म्हटलं, "जमिनीपायी माहेर तोडू का?" आणि मी ते अगदी मनापासून म्हणत होते.

नोंदणी कार्यालयात ही गर्दी. कारकुनानं मजकूर वाचून दाखवला: वडिलांच्या मिळकतीवर माझा यापुढे कोणताही हक्क वा तिच्याशी संबंध राहणार नाही. "मान्य?" "मान्य." पेन घेतलं आणि पानापानावर सही करत सुटले. तोंडानं भावाशी गप्पा चालूच होत्या, इथून सुटल्यावर जेवायला कुठे जायचं याच्या.

कारकुनानं कागद ओढून घेतले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, या बाई कोण? आल्यात का त्या?"

मी वाकून पाहिलं. प्रत्येक पानावर माझं माहेरचं नाव होतं. नुसतं आडनाव नव्हे. आमच्यात लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचे. नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून जुन्या नावानं मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. भाऊ ताई म्हणतो. आईवडील गेल्यावर त्या नावानं हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं. आणि इथे ते नाव, मधे वडिलांचं नाव, शाळेतल्या माझ्या गोल अक्षरात. कुठे खाडाखोड नाही.

अंगावर सर्रकन काटा आला. भीती नव्हती ती. गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावले की हळूहळू मूर्ती दिसायला लागते, तसं झालं. हात माझा, आणि लिहिणारी दुसरीच. इतकी वर्षं ती माझ्यातच मुकाट बसून होती आणि 'संबंध राहणार नाही' हे कानावर पडताच उठून आली होती. हिच्याविषयी मी वर्गामागून वर्ग शिकवले, खडू झिजवले, आणि माझी-तिची साधी ओळखसुद्धा नव्हती. तिच्यापुढे हात जोडावेत असं वाटलं. नोंदणी कार्यालयात ते शोभलं नसतं म्हणून पदर सारखा केला.

भाऊ हसला. "दमलीस ताई. नवे कागद करून आणतो, तासाभराचं काम."

"नको," मी म्हटलं. "मला सही करायची नाही. बाबांच्या जमिनीत मला माझा वाटा हवाय."

त्याचं तोंड उतरलं. बिल्डरचा माणूस दाराशी उभा होता. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मलाच आत्ता कळलं रे."